कमी बोलणाऱ्यांचा रिचार्ज : दूरसंचार नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : ‘अनलिमिटेड’ कॉलिंगमुळे ग्राहकांचे पैसे खरोखर वाचतात का याची तपासणी, आणि मोजून बोलणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्लॅनची मागणी

महोदय,

मोबाइलवर बोलायला आता वेगळे पैसे पडत नाहीत, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि दरवाढीचा विषय निघाला की कंपन्याही हेच वाक्य पुढे करतात. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. त्यामुळे कोणी ‘पैसे वाचले’ म्हटले की किती वाचले आणि कशाच्या तुलनेत वाचले, हे विचारायची मला सवय लागली आहे. हाच प्रश्न मी अमर्याद कॉलिंगच्या प्लॅनला लावून पाहिला. त्याचे उत्तर ग्राहकागणिक बदलते, यात नवल नाही. मात्र ज्या ग्राहकाचे पैसे या प्लॅनमुळे वाचत नाहीत, त्याच्यापुढे आज दुसरा पर्यायच राहिलेला नाही, आणि पैसे वाचत नाहीत हे त्याला कळण्याची सोयही उरलेली नाही. या दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

अमर्याद कॉलिंगने ज्यांचे भले केले त्यांचा उल्लेख आधी केला पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. बीड आणि अहिल्यानगरकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कोपीवर राहतात. मुले पुष्कळदा गावी आजी-आजोबांकडे असतात. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर तास-तासभर गावाकडे बोलणाऱ्या बाईला अमर्याद प्लॅन किती स्वस्त पडतो, हे सहज मांडता येते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत खालचा अमर्याद प्लॅन १९९ रुपयांचा झाला. रोज एक तास धरला तर २८ दिवसांत १,६८० मिनिटे होतात, म्हणजे मिनिटाला बारा पैसेही पडत नाहीत. तेच बोलणे सेकंदाला एक पैसा या जुन्या दराने केले असते, तर १,००८ रुपये झाले असते. ट्रकचालक, पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणारी मुले, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारे दलाल, घरोघर फोन करणाऱ्या आशा सेविका, या सर्वांची बचत खरी आहे आणि ती कोणी हिरावून घ्यावी, असे माझे म्हणणे नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या टोकाने करू. १९९ रुपयांना साठ पैशांनी भागले तर साधारण ३३२ मिनिटे येतात. म्हणजे सेकंदाला एक पैसा हा दर धरला, तर २८ दिवसांत ३३२ मिनिटांपेक्षा, अर्थात रोज सुमारे बारा मिनिटांपेक्षा, जास्त बोलणाऱ्यालाच हा प्लॅन परवडतो. ही बारा मिनिटे फक्त आपण लावलेल्या फोनची धरायची, कारण आलेल्या फोनला २००३ पासून पैसे पडतच नाहीत. अमर्याद प्लॅनच्या जाहिरातीमुळे ही साधी गोष्ट विस्मरणात गेली आहे. मुलगा पुण्याहून रोज अर्धा तास फोन करतो, म्हणून आईला अमर्याद प्लॅन पाहिजे, हा तर्क मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकला आहे. त्या अर्ध्या तासाचे पैसे मुलाने आपल्या रिचार्जमध्ये भरलेलेच असतात.

माझी एक आत्या माण तालुक्यात राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. अशा फोनच्या मेनूत कॉलच्या नोंदींखाली ‘कॉल टायमर’ नावाची एक जागा असते. तिथे लावलेल्या आणि आलेल्या कॉलची एकूण वेळ वेगवेगळी दिसते आणि ती पुसून शून्यापासून पुन्हा मोजताही येते. आत्याचा रिचार्ज मारला त्या दिवशी मी ती वेळ शून्यावर आणली आणि मुदत संपताना पुन्हा पाहिली. लावलेल्या कॉलची वेळ दीड तासाच्या आत होती आणि आलेल्या कॉलची त्याच्या दुपटीहून जास्त. तिचे फोन म्हणजे दूध संघाच्या गाडीला एक, गॅसच्या नंबराला एक, भाचीला ‘पोचलीस का’ एवढ्यापुरता एक. दीड तास म्हणजे नव्वद मिनिटे. सेकंदाला एक पैसा या दराने त्याचे ५४ रुपये होतात. आत्याने १९९ दिले. तिला इंटरनेट लागत नाही, प्लॅनमधले दोन जीबी जसेच्या तसे संपून जातात, रोजचे शंभर एसएमएस ती कधी पाठवत नाही. दुकानदार तिला दर वेळी सांगतो, “मावशी, आता कितीबी बोला.” कितीही बोलण्यासारखे तिच्याकडे काही नाही, आणि असलेच तर ते समोरासमोर बोलायचे असते.

एका बाईच्या फोनवरून देशाचे धोरण ठरवू नये, हे मी जाणते. कंपन्या यावर सरासरी दाखवतील, आणि आपल्या तिमाही अहवालांतही ती असते. दर ग्राहकामागे महिन्याला हजाराच्या आसपास मिनिटे बोलली जातात आणि त्यांत आलेले व लावलेले दोन्ही कॉल धरलेले असतात. त्यांतली निम्मी लावलेली धरली, तरी ती ३३२ च्या वर जातात, म्हणजे सरासरी ग्राहक फायद्यातच आहे. पण सरासरी ग्राहक नावाचा माणूस रिचार्जच्या दुकानात येत नाही. रोज दोन तास बोलणारा एक आणि दोन मिनिटे बोलणारी एक अशा दोघांची सरासरी तासाभराची निघते, आणि त्या तासावरून दोघांनाही एकच प्लॅन विकला जातो. कोणत्या ग्राहकांनी २८ दिवसांत शंभर मिनिटांहून कमी कॉल लावले, ते किती होते आणि त्यांनी किती रुपये भरले, ही विभागणी आपण प्रसिद्ध केली, तर बचतीच्या दाव्यातले खरेखोटे एका तक्त्यात दिसेल. कंपन्यांकडे ही माहिती नाही, असे म्हणायला जागा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून प्रत्येक कॉलची नोंद किमान दोन वर्षे जपून ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. अमर्याद प्लॅनमध्ये ग्राहकाला मिनिटे मोजावी लागत नाहीत, कंपनी मात्र ती मोजतच असते.

मोजून बोलण्याची सोय आपल्या डोळ्यांदेखत कशी गेली, ते थोडक्यात आठवावे लागेल. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले. २००९ मध्ये सेकंदावर आकारणी आली आणि ‘एक सेकंद, एक पैसा’ हे तर गावोगावच्या भिंतींवर रंगवले गेले. फोन ठेवला की पडद्यावर एक चौकट उमटे : कॉल इतक्या सेकंदांचा, कापले इतके, शिल्लक इतकी. आपल्याच २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी ती माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले होते. लिहिता-वाचता न येणारी माणसेसुद्धा त्या चौकटीतले शेवटचे आकडे ओळखत आणि बॅलन्स संपत आला की मिस्ड कॉल देऊन भागवत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात आली, कॉल मोफत झाले, बाकीच्या कंपन्यांना मागोमाग अमर्याद प्लॅन आणावे लागले आणि ती चौकट निरर्थक झाली. ग्राहकाच्या हातातली मोजपट्टी गेली ती तेव्हापासून.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कंपन्यांइतकाच आपल्या प्राधिकरणाच्या निर्णयांचा वाटा आहे. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला, की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे देत असे. यालाच आययूसी म्हणत. हा दर चौदा पैसे होता, तोवर आत्यासारखी केवळ फोन घेणारी बाईसुद्धा तिच्या कंपनीला पैसे मिळवून देत होती. बाहेरच्या कंपन्यांकडून महिन्याला दोनशे मिनिटांचे फोन आले, की तिने स्वतः एक रुपयाही न खर्चता कंपनीच्या खात्यात २८ रुपये जमा होत. १ ऑक्टोबर २०१७ पासून आपण हा दर सहा पैशांवर आणला. त्याच दोनशे मिनिटांचे मग १२ रुपये झाले. १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला आणि आत्या कंपनीच्या लेखी निव्वळ खर्चाची बाब ठरली.

आययूसी कमी करण्यामागचे आपले कारण मला समजते. तंत्रज्ञान बदलले, कॉल पोचवण्याचा खर्च जवळजवळ उरला नाही, आणि जो खर्चच नाही त्याचे पैसे एका कंपनीने दुसरीकडून का घ्यावेत, हा प्रश्न रास्त होता. पण तोच युक्तिवाद ग्राहकापर्यंत पोचवायचे राहून गेले. कॉल पोचवायला खर्च येत नाही म्हणून कंपन्यांमधली देवघेव बंद झाली. मग फोन नुसता घेणाऱ्या ग्राहकाकडून महिन्याकाठी दोनशे रुपये कशासाठी घ्यायचे, याचे उत्तर त्याच तर्कात सापडत नाही. आययूसी सहा पैशांवर आल्यानंतर वर्षभराने, २०१८ च्या अखेरीस, किमान रिचार्जची सक्ती सुरू झाली, हा मला योगायोग वाटत नाही. जे पैसे पूर्वी दुसऱ्या कंपनीकडून येत, ते आता ग्राहकाच्या खिशातून काढायचे ठरले, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

ही किमान रक्कम कशी चढत गेली ते एअरटेलच्या जाहीर दरांवरून दिसते. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपये, नोव्हेंबर २०२१ च्या दरवाढीनंतर ९९, २०२३ मध्ये १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९. रकमेपेक्षा मला त्यातला दुसरा बदल गंभीर वाटतो. ३५ आणि ९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये टॉकटाइम मिळत असे, म्हणजे ग्राहक मोजून बोलू शकत होता. १५५ चा रिचार्ज अमर्याद कॉलिंगचा होता, आणि तो किमान ठरला त्या दिवशी मोजून बोलणारा ग्राहक दरपत्रकातून बाहेर पडला. त्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती. ९९ च्या प्लॅनमधला कॉलचा दर शेवटी सेकंदाला अडीच पैसे, म्हणजे मिनिटाला दीड रुपया, झाला होता. मोजून बोलणे आधी अडीचपट महाग करायचे, मग ‘यापेक्षा अनलिमिटेड स्वस्त पडते’ असे दाखवायचे आणि शेवटी मोजून बोलण्याचा प्लॅनच मागे घ्यायचा, असा हा क्रम आहे. जे विकत घेता येत नाही त्याच्याशी तुलना करून काढलेल्या बचतीला आमच्या हिशेबाच्या वह्यांत जागा नसते. आणि अडीच पैसे हा चढा दर धरला, तरी आत्याच्या नव्वद मिनिटांचे १३५ रुपयेच होतात, १९९ होत नाहीत.

डिसेंबर २०२४ मधल्या आपल्या दुरुस्तीचे मी मनापासून स्वागत केले होते. इंटरनेट नको असलेल्या ग्राहकांसाठी केवळ कॉल आणि एसएमएस देणारा किमान एक प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असे आपण त्यात बजावले आणि अशा प्लॅनची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. देशात टू-जी वापरणारे सुमारे पंधरा कोटी ग्राहक असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी या आदेशाचे काय केले, ते आपणही पाहिले आहे. एअरटेलचा ८४ दिवसांचा ५०९ रुपयांचा प्लॅन होता, त्यात सहा जीबी डेटा होता. तो डेटा काढून टाकून प्लॅन ४९९ ला आणला गेला. सहा जीबीची किंमत दहा रुपये! त्याच कंपनीकडे चार जीबीचा वेगळा डेटा पॅक तेव्हा ७७ रुपयांना होता. ग्राहकाला द्यायचा तेव्हा डेटा मौल्यवान आणि ग्राहकाच्या बिलातून वजा करायचा तेव्हा कवडीमोल, असे हे दुहेरी माप. आपण या प्लॅनची तपासणी करू म्हणून जाहीर केले आणि लगेच तो ४६९ वर आला, वर्षभराचा प्लॅन १,९५९ वरून १,८४९ वर आला, जिओनेही आपले दर खाली आणले. नियामकाने नुसती नजर वर करून पाहिले, तरी शंभर रुपये खाली येतात, हे त्या जानेवारीत सिद्ध झाले. नजर पुन्हा का वळली, हे मात्र कळले नाही.

कारण त्या प्लॅनमध्ये दोन दोष राहून गेले. पहिला म्हणजे, तेही अमर्यादच आहेत. इंटरनेट नको असलेल्या ग्राहकाचा विचार झाला, पण कमी बोलणाऱ्याचा झाला नाही, आणि पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात. दुसरा दोष मुदतीचा. १,८४९ रुपये एकरकमी भरणाऱ्याला दिवसाला पाच रुपये सात पैसे पडतात. ४६९ भरणाऱ्याला पाच रुपये अठ्ठावन्न पैसे. आणि २८ दिवसांचे १९९ भरणाऱ्याला सात रुपये अकरा पैसे. वर्षभर २८-२८ दिवसांचा रिचार्ज करणारा तेरा वेळा मिळून २,५८७ रुपये भरतो, म्हणजे एकदम भरणाऱ्यापेक्षा ७३८ रुपये जास्त. आता ही एकदम भरणारी माणसे कोण असतील? शेतमजुरीवर जाणारी बाई आठवड्याच्या बाजारासाठी पैसे राखून ठेवते. तिच्याकडे फोनसाठी अठराशे रुपये बाजूला पडलेले नसतात. घाऊक घेणाऱ्याला सवलत मिळावी हे व्यापारात ठीकच आहे आणि मी स्वतः दुकानदारांचे हिशेब लिहीत असल्याने त्याला नावे ठेवणार नाही. पण ज्या प्लॅनची गरज गरीब माणसाला आहे म्हणून आपण तो आणायला लावला, तो त्या माणसाच्या ऐपतीबाहेरच्या आकारातच ठळकपणे मांडला जात असेल, तर आदेशाचे शब्द पाळले गेले, एवढेच म्हणता येईल.

याच दुरुस्तीत आपण दहा रुपयांचा टॉप-अप कायम ठेवला. सामान्य ग्राहकाला वाटते, की हा त्याच्यासाठी राखलेला दरवाजा आहे. प्रत्यक्षात दहा रुपयांच्या टॉप-अपमध्ये सात रुपये सत्तेचाळीस पैशांचा टॉकटाइम हातात पडतो, बाकीचे कर आणि प्रक्रिया शुल्कात जातात. आणि मुदत चालू असलेला प्लॅन नसेल, तर त्या टॉकटाइमने एक फोनही लावता येत नाही. प्लॅन असेल, तर कॉल अमर्यादच असल्याने त्या टॉकटाइमचा देशातल्या साध्या कॉलला उपयोग नाही. मग तो टॉप-अप घ्यावा कोणी? परदेशी फोन लावणाऱ्याने कदाचित. मराठी माणसे आखातात आणि अमेरिकेत पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी बोलायला आता दहा रुपयांचा टॉप-अप कोणी मारत नाही, सगळे इंटरनेटवरूनच बोलतात.

तीच गत २०१३ च्या वीस रुपयांच्या नियमाची. नव्वद दिवस वापर नसला, तरी खात्यात वीस रुपये शिल्लक असतील, तर ते कापून घेऊन नंबर आणखी तीस दिवस राखला पाहिजे, असा तो नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्याने नंबर दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, एवढेच होते. प्लॅनची मुदत संपल्यावर आधी आउटगोइंग आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद होते, ते या नियमाने थांबत नाही. कमी बोलणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे, कारण आज फोन बोलण्यासाठी कमी आणि ओटीपीसाठी जास्त लागतो. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येणे आवश्यक होते. बँक, गॅसची नोंदणी, पीक विमा, सगळीकडे हेच आहे. महिन्याला पंधराशे रुपयांच्या मदतीसाठी पात्र राहायचे, तर त्यातले दोनशे रुपये नंबर जिवंत ठेवायला जातात आणि त्याला आपण ‘अमर्याद बोलण्याची सोय’ म्हणतो. ज्यांनी घरातल्या नेटवर्कसाठी एक आणि बँकेच्या कामासाठी एक अशी दोन सिमे ठेवली आहेत, ते तर तीच अमर्यादता दोनदा विकत घेतात. एका तोंडाने दोन फोनवर एकाच वेळी बोलता येत नाही, याची तरी दखल दरपत्रकाने घ्यायला हरकत नव्हती.

दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे, प्राधिकरण त्यात हस्तक्षेप करत नाही, हे आपले अधिकृत धोरण मला माहीत आहे. स्पर्धेने दर खाली आले आणि जगाच्या तुलनेत आपल्याकडे फोन स्वस्त झाला, हेही मी नाकारत नाही. पण हे धोरण बाजारात पुष्कळ कंपन्या होत्या तेव्हा जितके लागू पडत होते, तितके आज पडते का? जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दरवाढ जाहीर केली आणि ३ व ४ जुलैपासून ती लागू झाली. त्या जुलैत बीएसएनएलने दर वाढवले नव्हते, तेव्हा तिच्याकडे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. कमी पैशांत भागणाऱ्या सेवेला मागणी आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागू नये. परंतु आमच्या डोंगरी भागात बीएसएनएलचा टॉवर आणि वीज या दोघांचे एकाच वेळी जुळून येणे अवघड असते, त्यामुळे हा पर्याय प्रत्येकाला उपलब्ध नाही.

कंपन्यांची बाजू अशी, की टॉवर, वीज, स्पेक्ट्रम यांचा खर्च ग्राहक बोलला काय आणि न बोलला काय, सारखाच येतो, म्हणून प्रत्येकाने किमान वाटा उचललाच पाहिजे. यात तथ्य आहे. किमान आकार असू नये, असे मी म्हणत नाही. पूर्वी घरच्या फोनलाही भाडे असायचेच. पण भाडे वेगळे आणि कॉलचे पैसे वेगळे दाखवले जात, त्यामुळे भाडे किती रास्त आहे, यावर बोलता येत असे. १९९ रुपयांत नंबर जिवंत ठेवण्याचे किती, बोलण्याचे किती आणि न वापरलेल्या डेटाचे किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. अठरा टक्के जीएसटीचे तीस रुपये मात्र त्यातून नेमके काढता येतात.

माझे मागणे दर ठरवून देण्याचे नाही. २०२२ च्या जानेवारीत आपण प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावला, आणि २०२४ मध्ये इंटरनेटविरहित प्लॅन ठेवायला लावला. त्याच अधिकारात आपण मोजक्या मिनिटांचा एक प्लॅन बंधनकारक करावा. महिन्याला दोनशे मिनिटे लावण्याचे, इनकमिंग आणि ओटीपी विनाअट, दोनशे मिनिटे संपल्यावर सेकंदावर आकारणी, आणि ती आकारणी अमर्याद प्लॅन स्वस्त दिसावा म्हणून फुगवलेली नसावी. ज्याला फोन लावायचाच नाही, त्याच्यासाठी केवळ इनकमिंग आणि एसएमएसचा रिचार्ज असावा आणि त्याची रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या आधारावर कंपनीने आपल्यापुढे सिद्ध करावी. केवळ कॉलचा प्लॅन एका महिन्याच्या मुदतीतही मिळावा आणि त्याचा दिवसाचा दर ८४ दिवसांच्या प्लॅनपेक्षा फार चढा नसावा. कंपनीच्या ॲपमध्ये तो पहिल्या पडद्यावर दिसावा, शोधून काढावा लागू नये. आणि ॲप नसलेल्यांसाठी दुकानात मराठीतला छापील तक्ता असावा.

यांतले काहीच लगेच शक्य नसेल, तर एक गोष्ट मात्र जवळजवळ बिनखर्चाची आहे. रिचार्जची मुदत संपण्याआधी कंपनी आठवणीचे चार-पाच संदेश पाठवतेच. त्यांतल्या एका संदेशात, ग्राहकाच्या भाषेत, एवढेच लिहावे : या मुदतीत आपण इतकी मिनिटे कॉल लावले, इतका डेटा वापरला, आपण इतके रुपये भरले. सध्या प्रीपेड ग्राहकाला असा तपशील हवा असेल, तर अर्ज करून आणि शुल्क भरून तो मागवावा लागतो. आत्यासारखी बाई असा अर्ज कधी करणार? हा संदेश बंधनकारक करण्यासाठी नव्या सल्लामसलतीची वर्षभर वाट पाहावी लागेल, असे मला वाटत नाही. आपल्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलनंतर माहिती देण्याची तरतूद होतीच, तिचा विस्तार अमर्याद प्लॅनपर्यंत केला म्हणजे झाले.

महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एक परिमंडळ आहे आणि मुंबईचे वेगळे. हा संदेश सुरुवातीला एका परिमंडळात सहा महिने पाठवून पाहावा, आणि त्या काळात किती ग्राहकांनी आपला प्लॅन बदलला, ते आपल्या पुढच्या तिमाही अहवालात छापावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली,
एक प्रीपेड ग्राहक,
जिल्हा सातारा